अप्पांचा गज आणि सरकलेला म्हसोबा

माझ्या घराच्या भूमिपूजनाच्या दिवशी शेजारचे अप्पा पायाच्या चरात उतरले आणि वर येईनात. भटजींच्या हातात नारळ, मिस्त्रीच्या हातात फावडं, माझ्या हातात हळदीकुंकवाचं ताट, आणि खाली चरात हा माणूस धोतराचा सोगा खोचून उभा. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि हातात कापड मोजायचा लोखंडी गज.

"पाया घालू नका," म्हणाले.

"का?"

"आधी सरकारी मोजणी आणा. मग सांगतो."

अहो, तुमच्या दारात मंगलकार्य चाललंय आणि शेजारी येऊन खड्ड्यात उभा राहतो, तर तुम्ही काय कराल? आरती ओवाळाल? मी ताट खाली ठेवलं आणि तोंडाला येईल ते बोलले. मेल्या म्हातारड्या, तुझं घर झालं, आता माझं होऊ नये म्हणून तुझ्या पोटात दुखतंय का, इथपर्यंत बोलले. अप्पा ऐकत होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "झालं का? इल्ला. पाया घालू नका."

इल्ला म्हणजे नाही. अप्पा मूळचे उदगीरचे, आणि उदगीर-देवणीकडे घराघरात थोडी कानडी असतेच. त्यांचा होकार मराठीत असायचा, पण नकार कानडीत. त्यांच्या बायकोचं, अक्कांचं, अगदी उलटं. त्या उभ्या आयुष्यात कुणाला नाही म्हणाल्या नसतील. काहीही विचारा, मान हलवून "हौदु," म्हणजे हो. कॉलनीत बायका गमतीनं म्हणायच्या, त्या घरात एक इल्ला राहतो आणि एक हौदु.

आमचे हे एसटीच्या वर्कशॉपात. इंजिनाशी तासन्‌तास बोलतील, माणसाशी नाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "जाऊ दे, म्हातारं माणूस आहे." मी म्हटलं, म्हातारं आहे म्हणून तर अंगात आलंय. पण चरात माणूस उभा असताना पाया कसा भरणार? भटजी नारळ पिशवीत घालून दुसऱ्या यजमानाकडे निघून गेले. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाचं तोंड बघायचं नाही.

तेव्हा आम्ही लातुरात गावभागात एका खोलीत भाड्यानं राहत होतो. त्याच खोलीत माझं शिलाई मशीन, तिथेच चूल, तिथेच आल्या-गेल्याची ऊठबस. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला खोली हवी होती. म्हणजे मला घर हौसेसाठी नाही, डोक्यावर छप्पर म्हणून पाहिजे होतं. औसा रोडला आत एका नव्या कॉलनीत आम्ही प्लॉट घेतला होता. आमच्या ओळीत तीनच प्लॉट. ओळीच्या तोंडाशी लिंबाचं झाड आणि त्याखाली ओट्यावर शेंदूर लावलेला म्हसोबा. त्याला लागून पहिला प्लॉट कॉलनीच्या अध्यक्षांचा, मधला अप्पांचा, शेवटचा माझा. माझ्यापुढे नाला. आणि अप्पांच्या मागच्या अंगणात, माझ्या बाजूच्या भिंतीजवळ, त्यांची बोअर. लातुरात बोअरला पाणी असणं म्हणजे काय, हे लातूरकराला सांगायला नको. उन्हाळ्यात आख्ख्या कॉलनीच्या बोअरी आटल्या तरी ती चालायची.

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? माझ्या शेजारी बोअरवाला म्हातारा, मला पाया घालू देत नाही. मला वाटलं, आमचा धीर सुटावा, आम्ही प्लॉट विकावा आणि यांनी तो घशात घालावा. मलाच नाही, सगळ्या कॉलनीला तसंच वाटलं. अध्यक्षांनी तर मला घरी बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही बिनधास्त बांधा, मी आहे ना." किती गोड बोलले! 

अप्पांची उदगीरला कापडाची पेढी होती. माझं माहेर जळकोट, आणि आमच्याकडे लग्नाचा बस्ता उदगीरला बांधायचा. आई मला लहानपणी त्यांच्या दुकानात घेऊन गेली होती, हे मला फार नंतर कळलं, कारण आठवत होता तो माणूस नव्हे, त्याचा खेकसा. आईनं विचारलं होतं, "अंदाजे किती लागंल हो पोरीच्या झग्याला?" आणि गादीवरचा माणूस म्हणाला, "अंदाज घरी ठेवून यायचा. पोरीला उभी करा." त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: डोळ्यानं कापड फाडत न्हाईत. मोजल्याशिवाय बोलायचं नाही. आणि मोजून झाल्यावर फाडताना वरून चार बोटं जास्त सोडायची, ती गिऱ्हाइकाची. त्यावरही एक वाक्य होतं. "कापडात चार बोटं वरून द्यावीत. जमिनीत चार बोटं कुणाची घेऊ न्हाईत."

पेढी पुतण्यांच्या हवाली करून, अक्कांच्या गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी ते लातूरला आले आणि हे बांधलेलं घर विकत घेतलं. पेढीवरून एकच वस्तू बरोबर आणली, तो गज. देवळात चाललेत तरी हातात गज. हॉटेलातलं बाकडं मोजतील, गणपतीचा मांडव मोजतील, कॉलनीतला सिमेंटचा रस्ता मोजून ठेकेदाराला भर चौकात सांगतील की तुझा रस्ता वाटेत कुठंतरी पातळ झालाय. पोरं त्यांना गजअप्पा म्हणायची. मी एकदा त्यांचा सदरा शिवला, तर हातात घेऊन आधी बाह्या मोजल्या. एक बाही बोटभर लांब निघाली. "टेलरबाई, माझा एक हात वाढलाय का?" म्हणाले. मला इतका संताप आला! आणि बाही खरंच लांब होती, त्याचा जास्त आला.

हे सदऱ्याचं पुढचं झालं. आधी त्या मोजणीचं सांगते, कारण त्या मोजणीनं माझा जीव खाल्लाय.

कुणी प्लॉट घेणार असाल तर एक ऐका. खरेदीखतात चारी बाजूंना कोण आहे ते लिहिलेलं असतं, रुंदी-लांबी लिहिलेली असते. ते वाचून आपण खूश होतो. पण कागदावर लिहिलेली जागा जमिनीवर कुठून सुरू होते, हे कुणी बघत नाही. दलाल चार दगड दाखवतो, आपण चार दगडांना हळदकुंकू लावतो, झालं. मीही तेच केलं होतं. आणि हद्द ठरवून घ्यायची तर सरकारी मोजणीचा अर्ज करावा लागतो. केला. मग सुरू झाला फेरा. आज साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेत. आज मशीन दुसऱ्या तालुक्याला गेलंय. आज शेजाऱ्यांना नोटीस पोचली नाही. अहो, शेजारी माझ्या चरात उभा होता, आणखी कशी पोचायची! तिकडे खोलीचा मालक रोज दाराशी येऊन खाकरायचा, इकडे माझ्या चरात पावसाचं पाणी साचून बेडूक ओरडायचे. आणि अप्पा, ज्यांच्यामुळे हे सगळं, ते मी प्लॉटवर गेले की भिंतीवरून विचारायचे, "तारीख आली का?" मी उत्तर द्यायचे नाही. आतून अक्का तेवढ्या म्हणायच्या, "येते हौदु, येते."

या सगळ्या काळात अप्पांचा दुसरा एक उद्योग चालू होता. ते लोकांना म्हसोबाबद्दल विचारत फिरायचे. झालं होतं असं की म्हसोबा आधी लिंबाखाली नव्हता. कॉलनी व्हायच्या आधी तिथं शेत होतं आणि त्या शेताच्या कोपऱ्यावर तो उभा होता. आमच्या ओळीत घरं व्हायच्या आधी, सिमेंटचा रस्ता करताना तो गाड्यांच्या वाटेत येतो म्हणून अध्यक्षांनी पुढाकार घेऊन त्याला उचलला, आत लिंबाखाली ओटा बांधून बसवला आणि साऱ्या कॉलनीला जेवण घातलं. ते जेवण लोकांना इतकं आवडलं होतं की नव्या माणसाला आधी तीच गोष्ट सांगायचे. अप्पांनी जेवणाचं काही विचारलं नाही. ते विचारायचे, "देव आधी कुठं बसला व्हता?"

"इथंच, जरा पलीकडं."

"जरा म्हंजे किती?"

"आता ते कोण मोजतंय अप्पा? देव आहे तो."

"देव व्हायच्या आधी तो सरकारी दगड व्हता. शेताच्या हद्दीचा. देव कुठंबी बसंल, दगडाला जागा ठरलेली असती."

झालं! म्हसोबाला दगड म्हणाला म्हणून लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. लिंगायताला आमच्या देवाचं काय, असंही कुणीतरी म्हणालं. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक अमावस्येला त्या ओट्यावर दिवा लावायला अक्काच जायच्या. त्याचं कुणाला काही नव्हतं.

शेवटी एकदाचा मोजणीवाला आला. तरुण होता, गळ्यात कार्ड, हातात उंच दांड्यावरचं यंत्र. मी त्याला म्हटलं, त्या म्हसोबापासून धरा, सगळे तिथूनच धरतात. तो हसला नाही. म्हणाला, "मावशी, आम्ही एका दगडावर विश्वास ठेवत नाही." तो लांब जाऊन जुन्या शेताच्या बाकीच्या कोपऱ्यांचे दगड शोधून आला, त्यांच्यावरून हिशेब धरत इकडे आला आणि ओळीच्या तोंडाशी थांबला. तिथं त्यानं चुन्याची फुली मारली. ती म्हसोबाजवळ पडली नाही. ती पडली रस्त्याच्या बाजूला, अध्यक्षांच्या पोर्चात, त्यांच्या गाडीच्या चाकाशेजारी. "दगड हललेला आहे," तो म्हणाला, आणि जाऊन म्हसोबाला हात जोडून आला.

अध्यक्ष म्हणाले, "देव कधी चुकतो का साहेब?"

तो पुढे चुना टाकत निघाला. दोन हात, जेवढा देव सरकला तेवढी आमची आख्खी ओळ नाल्याकडे सरकली होती. जो तो नव्या जागेच्या देवापासून मोजत आला, म्हणून जो तो पुढच्याच्या जागेत दोन हात शिरला. अध्यक्षांना तर दोन्हीकडून मिळालं. अलीकडची खरी जागा पोर्चात घेतली आणि पलीकडे अप्पांच्या दोन हातांवर कुंपणाची भिंत घातली. अप्पांचं अंगण माझ्यात दोन हात आलेलं. आणि मी शेवटची. माझ्यापुढे कुणीच नव्हतं, नाला होता. सगळ्यांनी सरकत सरकत मला पाण्यात ढकललं होतं, आणि मला म्हणत होते, ताई, बिनधास्त बांधा!

चुन्याची रेघ अप्पांच्या मागच्या अंगणातून गेली. त्यांची न्हाणी रेघेच्या माझ्या बाजूला. आणि बोअरही माझ्या बाजूला.

मी त्या रेघेकडे बघत राहिले. त्या दिवशी मी पाया घातला असता, तर त्यांच्या भिंतीला लागून घातला असता आणि ती बोअर जन्मभर त्यांचीच राहिली असती. कुणाला काही कळलं नसतं. मी त्यांना विचारलं, "अप्पा, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"गजानं मोजलं व्हतं. तिन्ही प्लॉट. त्यांच्यात वाढ, तुझ्यात घट, दोन्ही सारखी."

"मग त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? एवढं मला बोलू दिलंत!"

"गज माझा," अप्पा म्हणाले. "माझ्या गजावर तू का म्हून विश्वास ठेवावा? उद्या म्हणली असतीस, म्हातारा मोठेपणा करून राहिला."

काय बोलायचं अशा माणसाला! मला रडू येत होतं आणि त्यांना दोन धपाटेही घालावेसे वाटत होते. महिने गेले माझे, महिने! मला एक शब्द सांगितला असता तर मी स्वतः त्या मोजणीच्या कचेरीत जाऊन ठिय्या दिला असता. पण नाही. डोळ्यानं कापड फाडत न्हाईत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी लावून आपली न्हाणी पाडली, भिंत पाडली आणि रेघेवर नवी उभी केली. अक्का दुखऱ्या गुडघ्यानं पत्र्याच्या आडोशात अंघोळ करायला लागल्या. माझं घर झालं. वास्तुशांतीला अप्पांनी मला खणाचं कापड दिलं. पाहुणे गेल्यावर मी मुद्दाम मोजलं. चार बोटं जास्त होती.

आणि अध्यक्ष? त्यांनी काय केलं माहिती आहे? "आपण शेजारी आहोत, समजुतीनं घेऊ," म्हणाले आणि वरच्या साहेबाकडे फेरमोजणीचा अर्ज टाकून मोकळे झाले. तारखेवर तारीख. कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं. कॉलनीतले शहाणे लोक अप्पांना समजवायला यायचे, "दोन हातांसाठी कशाला भांडता या वयात?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अरे, त्यांनी मला दोन हात दिले तेव्हा आला होतात का कुणी सांगायला, की ठेवा अप्पा, या वयात कशाला देता? तेव्हा सगळे तोंडात मूग धरून बसले. देणाऱ्यानं द्यायचं आणि घेणाऱ्यानं समजुतीनं घ्यायचं, असा न्याय आहे का कुठं?

अप्पा काही गप्प बसणारे नव्हते. रोज सकाळी अंघोळ, लिंगपूजा झाली की गज घेऊन अध्यक्षांच्या भिंतीपाशी जायचे आणि खणखणीत आवाजात लिंगायतांचा नमस्कार घालून विचारायचे, "शरणार्थी अध्यक्ष! माझ्या जागेत झोप लागली का?"

अध्यक्ष हसून म्हणायचे, "या अप्पा, चहा घ्या."

"माझ्या जागेत तू मला चहा पाजणार?"

रोज. पाऊस असो, थंडी असो. माझी सकाळ त्या आरोळीनंच व्हायची.

पण माझ्याशीही त्यांनी तसाच छळ मांडला होता. बोअर माझी झाली ना? मग दिवस उगवला की भिंतीपलीकडून हाक, "टेलरबाई, पाणी सोडता का?" अहो, बोअर तुम्ही चालवलेली, मोटार तुमची, पाइप तुमचे! मी त्यांच्या बाजूला नळ काढून दिला, म्हटलं, अप्पा, हवं तेव्हा उघडा, मला विचारू नका. "इल्ला. दुसऱ्याच्या पाण्याला विचारल्याबिगर हात लावत न्हाईत." एकदा उन्हाळ्यात मी भाच्याच्या लग्नाला जळकोटला गेले होते. परत येऊन बघते तर अक्का डोक्यावर घागर घेऊन, लंगडत, चौकातल्या टँकरवरून येताहेत. नळ त्यांच्या अंगणात होता! नळाला पाणी होतं! मी बोचकं रस्त्यातच टाकलं आणि त्या दिवशी अप्पांना असं काही फैलावर घेतलं की भूमिपूजनाचं बोलणं त्यापुढे ओवी वाटावी. अप्पा म्हणाले, "तू घरी नव्हतीस. कुणाला विचारणार?" अक्का हळूच म्हणाल्या, "हौदु." मी घागर हिसकून घेतली आणि घरात जाऊन रडले. असला खरेपणा काय चाटायचाय, जो बायकोच्या गुडघ्यावर पडतो? हे मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. त्यानंतर मी गावाला जाणार असले की आदल्या दिवशी येऊन आगाऊ विचारून ठेवायचे, एवढा फरक पडला.

फेरमोजणीची तारीख लागायच्या आधीच अप्पा गेले. थंडीचे दिवस होते. सकाळी आरोळी आली नाही, तेव्हाच मला कळलं. लिंगायतात माणसाला बसवून मूठमाती देतात. मांडी घालून, पाठ ताठ. जाताना पाय पसरायलासुद्धा जागा मागितली नाही त्यांनी.

मग शोकसभा. अप्पांच्या अंगणात माणसं मावेनात. कशी मावणार, दोन हात मला दिलेले आणि दोन हात अध्यक्षांनी दाबलेले! तर अध्यक्षांनी मोठ्या मनानं सांगितलं, "माझ्या बाजूच्या मोकळ्या जागेत घ्या, आपलीच जागा आहे." तिथं ताडपत्री बांधली, खुर्च्या मांडल्या, अप्पांच्या फोटोला हार घातला. अध्यक्ष मधोमध, अप्पांच्या बाजूच्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसले. त्यांच्या पाठीशी त्यांच्याच कुंपणाच्या भिंतीवर मोजणीवाल्यानं लाल रंगानं केलेली खूण अजून दिसत होती. हद्द तिथं नाही, इकडे आहे, हे सांगणारा बाण. तो बाण बरोबर त्यांच्या डोक्यावरून जात होता.

माइक हातात घेऊन ते म्हणाले, "अप्पा म्हणजे सरळ माणूस. कुणाच्या इंचाला हात लावला नाही. कॉलनीनं त्यांचा आदर्श घ्यावा."

मी उभी राहिले. आमच्या यांनी माझा पदर ओढला. मी तो सोडवून घेतला.

"अध्यक्ष, आदर्श नंतर घ्या. आधी खुर्ची सरकवा. तुम्ही अप्पांच्या जागेत बसलात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, ही वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे. ते रोज सकाळी विचारायचे, आज कुणी विचारलं नाही."

अध्यक्ष हसले. तसंच, चहा घ्या म्हणताना हसायचे तसं. माइक खाली न ठेवता ते बायकांच्या बाजूला वळले. "अक्कांनाच विचारू की. अक्का, अप्पा गेले, आता कशाला तो वाद? सोडून द्यायचं ना सगळं?"

अख्खी सभा अक्कांकडे बघत होती. सगळ्यांना त्यांचं उत्तर ठाऊक होतं, मलाही. त्यांच्या मांडीवर तो गज होता. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वर केली.

"इल्ला," अक्का म्हणाल्या.

अध्यक्षांना उठावं लागलं. खुर्ची मी उचलली, पूर्ण सभेतून चालत नेली आणि त्यांच्या पोर्चात, गाडीशेजारी ठेवली. म्हटलं, बसा इथं. ही जागा तुमचीच आहे. मोजलेली आहे.